कोतवालाची झेप

मी एक जुना कुंचला आहे. माझे केस खारीच्या शेपटीचे, आणि मित्रांनो, तेवढ्यावरून मला घराबाहेर राहावं लागलं!

चित्रकलेच्या आदगोंडा मास्तरांनी मला मिरजेहून कुंडलला आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नी गुणमालाबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या. "मुक्या जिवाचे केस? जैनाच्या घरात? आवं, गोठ्यात ठेवा ते!" झालं, गोठ्याची खिडकी हेच माझं घर.

पण काय दिवस होते! शेजारच्या रानात उसाचं वाळलेलं पाचट पेटलं, की धुरातून पळणारे किडे टिपायला काळे कोतवाल पक्षी यायचे. मास्तर ओला कागद घेऊन बांधावर बसायचे. पक्ष्याने सूर मारला की मी कागदावरून एकदाच सपकन जायचो. चोच नाही, डोळा नाही, नुसती काळी झेप.

"मास्तर, ह्यो खाणार कशानं?" रानाचे मालक हंबीरराव हसायचे.

"चोच बघायला मोबाईलवर फोटो काढ की रं. मला त्याचं उडणं पायजे."

गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायू झाला. ते दवाखान्यातून घरी आले, उजवा हात मात्र आलाच नाही म्हणा. डॉक्टर म्हणाले होते, हाताला रोज काम द्या, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी गोठ्यात, पाण्याच्या पेल्यात तसाच उभा. पाणी आटलं, केस वाळून वाकडे झाले. दुखलं का? नाही. काहीच वाटेनासं झालं.

एका सकाळी हंबीररावांच्या रानातून धूर आला. गुणमालाबाई गोठ्यात आल्या. त्यांनी मला उचललं, कोमट पाण्यात धुतलं आणि उंबरा ओलांडून थेट मास्तरांच्या खाटेपाशी नेलं.

"आत आणलंय मी. आता तरी धरा."

"तू शिवलीस ह्याला?"

"शिवले. पाप लागलं तर मला लागंल. धरा म्हणते ना!"

नात ब्राह्मीने खिडकी उघडली, कागद ओला केला, मला काळ्या रंगात बुडवून आजोबांच्या मुठीत दिलं. बोटं गार, लाकडासारखी. बाहेर कोतवालाने सूर मारला. हात हलला.

"टेकला का गं कागदाला? मला काय कळंना."

"आबा, कागदावर पाखरू उडालं की!"

मित्रांनो, काम झालं की कुंचला धुवून आडवा ठेवा. आणि ज्या हाताला काही कळत नाही, त्यालाही काम देत राहा. मास्तरांच्या बोटांना मी अजून जाणवत नाही. तरी रोज सकाळी गुणमालाबाई मला त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि बोटं एकेक करून मिटवतात.