झोळ

“वढ, वढ! मधी थांबू नको!” गोरक्षभावजींचा आवाज पाण्यावरून थेट काठापर्यंत आला.

मी माझ्या तान्ह्या सृष्टीला मांडीवर घेऊन काठावर बसले होते. खेकड्यांसाठी कोंबडीची आतडी दोऱ्याला बांधत होते. लोखंडी कड्याला जाळं, जाळ्याच्या मधोमध ही आतडी, वर खुणेला तरंगती रिकामी बाटली. कडं धरणाच्या तळाला टेकलं की खेकडे येऊन बसतात. मग एका दमात वर ओढायचं. हात जरा थबकला की सगळे कडेवरून पसार.

आमचे हे ओझरला कामाला लागले, तेव्हापासून भावजींच्या होडीत जाळं ओढायला कुणी नव्हतं. म्हणून आज उज्वला बसली होती, माझी धाकटी जाऊ. खरं सांगायचं तर भावजींना खेकड्यांपेक्षा तिचाच घोर. थंडीत त्यांचं बाळ छाती भरून गेलं. नुकतं कुशीवर वळायला लागलं होतं. तेव्हापासून उज्वला भाकरी थापायची, पाणी भरायची, पण नवऱ्याशी शब्द नाही. तेही बाळाचा विषय काढत नव्हते. आणि मी, ती समोर आली की सृष्टीवर पदर ओढायचे.

सप्तशृंगीच्या डोंगरावर ऊन चढलं होतं. पाणी इतकं निपचित, की कुणी खाकरलं तरी ऐकू यावं.

“गेले! पुन्हा गेले! आगं, खेकडं उचलतीस का झोपलेलं लेकरू?”

भावजी बोलून गेले आणि वल्हं हातात तसंच राहिलं. होडी आपली आपण फिरत राहिली.

“लेकरूच उचलते,” उज्वला म्हणाली. “दोरी ताणली की मधी झोळ पडतो. झोळीसारखाच. हाताला भार बी तेवढाच लागतो. झटका कसा देऊ? जागं व्हईल ना.”

भावजींनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. किती तरी वेळ तोंड पुसतच होते.

“पुढच्या बाटलीकडं नेतो,” ते म्हणाले. “तुला जसं उचलायचं तसं उचल.”

“खेकडं पळतील.”

“पळू दे.”

“अन् वणीच्या बाजारात काय न्याल?”

“आज नाय जायचं बाजारात.”

तिनं दोरी हळूहळू वर घेतली. भावजींनी वल्हं बाजूला ठेवलं आणि कड्याखाली हात दिला, मानेखाली द्यावा तसा. दोघांनी वाकून आत पाहिलं. आतडी तेवढी होती. कडं तसंच अलगद पाण्यात सोडलं आणि पुढच्या बाटलीकडं गेले. एकेक करून सगळी जाळी त्यांनी अशीच उचलली, अशीच निजवली.

होडी काठाला लागली. पाटी कोरडी.

“भावजी, एकबी नाय?”

“लय जड व्हती आज जाळी, वहिनी,” ते म्हणाले आणि होडी बांधायला वळले.

उज्वला उतरून माझ्यासमोर आली. माझा हात सवयीनं पदराकडं गेला.

“झाकू नको गं, ताई,” तिनं वास मारणारे हात पाठीमागं धरले. “हात नाय लावत मी. पोरगी नीट श्वास घेती का, तेवढंच बघू दे.”