नाताळातला ळ

आमच्या देवळात दोन पिढ्यांचं एकमत होणं म्हणजे नवलच. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. नातवंडं हसतात, हसू देत. तर नोव्हेंबरातल्या सभेत ते नवल घडलं. नव्या वर्षापासून तरुणांची उपासना वेगळी, शेजारच्या हॉलमध्ये, इंग्रजीतून. म्हातारे खूश, कारण गिटार जाणार. तरुण खूश, कारण म्हाताऱ्यांपासून सुटका होणार. नाखूश मी एकटी. माझी नात शेफाली लहानपणापासून माझ्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसते. तिनं भिंतीपलीकडे देवाचं नाव घ्यायचं आणि मी अलीकडे, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

मी उठून म्हणाले, "निदान नाताळच्या उपासनेत मंडळीची प्रार्थना एका तरुण मुलीला म्हणू द्या. माझ्या शेफालीला. मराठीतून. मग काय ते ठरवा."

कमिटीचे सेक्रेटरी दशरथराव साळवे यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हॉलची किल्ली त्यांच्याच खिशात असते. "बाई, या मुलांना दुकानाची पाटी वाचता येत नाही. तिनं प्रार्थना न चुकता म्हटली, तर ही किल्ली मी कपाटात ठेवतो. मग हॉल फक्त जेवणावळींना."

"कपाट आवरून ठेवा," मी म्हणाले.

बोलून तर गेले, पण रिक्षातून कोथरूडला परतताना खरी अडचण आठवली. शेफाली मराठी फडाफडा बोलते, वाचते मात्र ठेचकाळत. जन्मभर मराठी शिकवलेली आजी आणि नात इंग्रजी शाळेतली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

प्रार्थना मीच लिहून दिली, सुवाच्य अक्षरात. शेफालीनं कागदाचा फोटो काढला आणि फोनकडून मजकूर इंग्रजी अक्षरांत करून घेतला. म्हटलं, एकदा मला म्हणून दाखव.

"नाही आजी, सरप्राइज. ट्रस्ट मी ना."

नाताळच्या सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. पुढे आम्ही, मागच्या बाकांवर गिटारवाली पोरं. पाळकसाहेबांनी खूण केली. शेफाली पुढे गेली, डोक्यावर ओढणी घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"हे प्रभू, तू आमचे बाळ आहेस."

मी लिहिलं होतं 'बळ'. इंग्रजी अक्षरांत बळ काय नि बाळ काय, सारखंच.

पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. दशरथरावांचा हात खिशाकडे गेला. शेफाली थांबली. काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मागची पोरं माना खाली घालून बसली होती. आता ही पोर या देवळात पुन्हा पाऊल टाकत नाही, असं मला वाटलं आणि माझा जीव गलबलून गेला.

चुका दुरुस्त करणं हा माझा जन्माचा धंदा. 'बळ' हा शब्द ओठांवर आलाच होता. तेवढ्यात वेदीजवळ मांडलेल्या गोठ्याकडे लक्ष गेलं. त्या गवतावर बाळच तर निजलं होतं. मी उभी राहिले.

"बरोबर आहे, शेफाली. पुढे वाच."

ती वाचू लागली. वाक्यं माझीच होती, पण मी ती पहिल्यांदा ऐकत होते.

"तू आलास आणि आमची घरं उजळली. तुझ्याकडे पाहून थकलेले पुन्हा चालू लागले. तुझ्यापाशी आम्ही रात्री जागलो, पण त्या जड गेल्या नाहीत. तुझ्यामुळे रुसलेले पुन्हा बोलू लागले."

हसणं कधीच थांबलं होतं. घरात बाळ आलेलं कुणी पाहिलं नाही? दशरथराव आणि त्यांचा मुलगा यांच्यात कितीतरी वर्षं अबोला होता, आणि तो नातीच्या बारशाला सुटला, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. रुसलेल्यांच्या त्या वाक्याला दशरथरावच मध्येच "आमेन" म्हणाले. मग मागची पोरं म्हणाली. मग सगळं देऊळ म्हणालं, आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला म्हणत राहिलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

बाहेर करंज्या वाटताना दशरथराव आले. "बाई, पहिलंच वाक्य चुकलं."

"चुकलं."

"अट न चुकता म्हणायची होती."

"होती."

त्यांनी किल्ली काढून शेफालीच्या हातावर ठेवली. "ऑफिसातलं कपाट, वरचा खण. ठेवून ये. आणि त्या गिटारवाल्यांना सांग, येत्या रविवारी आमच्या भजनाला साथ करायची आहे. जरा हळू वाजवा म्हणावं."

ती धावत गेली आणि धावतच परत आली. पण आमचं अर्धं बोलणं तिनं ऐकलं होतं. "आजी, खरं सांग. काय चुकलं होतं माझं?"

मी तिला 'बळ' सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चुकलेच."

"नाही गं," मी तिच्या हातावर करंजी ठेवत म्हणाले. "माझ्या कागदावर एक काना द्यायचा राहिला होता."