दोन मिनिटं सुई धर

कॅमेरा घरात येऊ दिला तर मण्यांच्या बाईला काय काय मिळणार, हे शेजारणीने आदल्या दिवशीच बोटांवर मोजून दाखवलं होतं: बुडालेल्या दिवसाची मजुरी, एक टेबलफॅन, आणि वर चार गल्ल्यांत मिरवता येईल एवढा मान. "आणि तुझं जातंय काय? गरिबी? ती दाखवली म्हणून कमी व्हायची नाही, घाबरू नकोस."

मण्यांची बाई म्हणजे चपलांच्या पट्ट्यांवर मणी शिवणारी. गल्लीतल्या अकरा घरांत हेच काम. मुकादमीण सोमवारी कारखान्यातून पट्ट्यांची पोती आणायची, शनिवारी मोजून न्यायची. त्यावर बाईच्या पोरीची शाळा चालली होती. पोरगी अकरा वर्षांची. घरात तिला वकील म्हणत, कारण गप्प बसणं तिला ठाऊक नव्हतं. तिने मण्यांना हात लावायचा नाही, हा आईचा नियम. "डोळे जायचेत ते माझे जाऊ देत."

व्हिडिओवाली ताई खरोखर चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. बड्या शाळांतल्या मुलांना जगातली गरिबी कळावी म्हणून ती व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची. तिने दोन तास आईचं शिवणं टिपलं, मग ते परत चालवून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"मावशी, रागावू नका, पण मुलं मोठ्या माणसांना बघत नाहीत, पुढे सरकवतात. वकीलबाई, तू बस ना आईच्या जागी. दोन मिनिटं सुई धर."

"मला शिवता येत नाही."

"नुसती धरायची."

"म्हणजे खोटं."

"खोटं कसं? गल्लीत कुणीतरी मूल शिवत असेलच ना?"

"नाही शिवत. मी सगळ्यांना ओळखते."

"झालं हिचं कोर्ट सुरू," आई म्हणाली. "बस गं. ताईंना उशीर होतोय."

पोरगी बसली. सुई उलटी धरली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मागे कारखान्याच्या नावाचं निळं पोतं होतं. ताईला तो रंग आवडला, म्हणून तिने ते जरा पुढे ओढून घेतलं. जाताना मजुरी आणि पंखा चोख दिला.

व्हिडिओ नऊ लाख मुलांनी पाहिला. मुलं नुसती रडून थांबली नाहीत. सह्या गोळा केल्या, पोत्यावरच्या नावावरून चपला विकणारी कंपनी शोधली आणि हे काम बंद करा म्हणून तिला पत्रं पाठवली. वकिलाने शेजारणीच्या फोनवरून व्हिडिओखाली लिहिलं, "ती मुलगी मी आहे. मी शिवत नाही, आई शिवते. मी सहावीत आहे. काम बंद करू नका." त्यावर चाळीस बदाम पडले आणि एकच उत्तर आलं: "बिचारी. कुणीतरी तिच्याकडून हे लिहून घेतलंय."

तिसऱ्या सोमवारी मुकादमीण रिकाम्या हाताने आली. "कंपनी म्हणते, आता घरी काम द्यायचंच नाही. घरात पोरं असतात."

"माझी पोरगी शिवत नाही, तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग, बाई? नऊ लाखांना नाही."

बाईने ताईला फोन केला. ताई ऐकून रडली, आणि तिने खुलाशाचा व्हिडिओ टाकला. त्यात आई सगळं नीट, न अडखळता बोलली. तो साडेतीनशे जणांनी पाहिला.

फीची तारीख गेली. मोठ्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला माणसं लागतात, वय विचारत नाहीत. पोरगी आता सकाळी सात ते संध्याकाळी सात तिथे उभी असते. वाद घालत नाही, असं मालक कौतुकाने सांगतो.

ताईला त्या व्हिडिओचं बक्षीस मिळालं. ते घ्यायला ती गेली नाही, पण परतही केलं नाही. कंपनीने जबाबदारीचं निवेदन काढलं, त्याला खर्च आला नाही. नऊ लाख मुलांना बरं वाटलं. भरायचं होतं ते अकरा घरांनी भरलं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सहावीतल्या एका मुलीने.