मधले तीन सेंटिमीटर

मित्रांनो, हल्ली रस्ता हवा असला की तुम्ही खिशातून फोन काढता, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी घडीचा नकाशा. कागदाचा, आठ घड्यांचा, आणि माझ्या पोटात सबंध एक खाडी आहे. डाव्या हाताला गाव, धक्का आणि एक लॉज. उजव्या हाताला दीपगृह. मधे वाळू. भरतीला या वाळूवर पाणी चढतं, ओहोटीला ती उघडी पडते, आणि तेव्हा माणसं या काठावरून त्या काठावर चालत जाऊ शकतात. माझं ज्ञान एवढंच. त्यापलीकडच्या जगाबद्दल मला कधी फारशी उत्सुकता वाटली नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी अंगावर निळा रंग चढला, मग पिवळा, आणि शेवटी काळ्या अक्षरांनी मला शहाणपण आलं. तिथून माझी रवानगी त्या लॉजच्या काउंटरवर झाली. येणारे-जाणारे मला उघडून बघत आणि चुकीच्या घडीने मिटून ठेवत. घडी चुकली की नकाशाचा किती पाणउतारा होतो, हे माणसांना कळत नाही.

मग एके दिवशी एक नवं जोडपं आलं. नवरा शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणत; शाळेतले नव्हेत, शिलाईचे. त्याने मला उघडलं, पाहिलं आणि बरोब्बर मूळ घडीने मिटलं. मी तिथेच त्याचा झालो. त्याच्या बायकोला पुढे साऱ्या गल्लीने काकू केलं, म्हणून मीही काकूच म्हणतो.

मुक्कामाच्या तिसऱ्या सकाळी दोघं मला घेऊन ओहोटीच्या वाळूत उतरली. दीपगृहापर्यंत चालत जायचं, असा काकूंचा हट्ट होता. निम्म्या वाटेवर मास्तरांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला दुकानातल्या कपाटाची किल्ली लागली. कपाटात एका नवरदेवाचा कोट होता आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दोघं तिथूनच मागे फिरली.

"पुढच्या वर्षी येऊ," मास्तर म्हणाले.

"येऊ की," काकू म्हणाल्या.

त्या पुढच्या वर्षाला सत्तावीस वर्षं लागली.

ती वर्षं मी दुकानात काढली, कापायच्या टेबलाखाली, पुठ्ठ्याच्या बेतांच्या, म्हणजे कापड कापायच्या नमुन्यांच्या, गठ्ठ्यात. तक्रार करत नाही, पण तिथे मला कुणी नकाशा समजत नव्हतं. एकदा घाईत माझ्या पाठीवर कॉलरचा आराखडा काढला गेला. तो अजून आहे. खडूची धूळ खाऊन माझी निळाई फिकी पडली. अधूनमधून काकू केर काढताना मला ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "आपलं ते अर्धं राहिलंय हं." मशीनवरून उत्तर यायचं, "आधी हे गणवेश उरकू दे." गणवेश उरकले की कोट, कोट उरकले की लग्नसराई. शिंप्याला सवड कधी नसतेच.

आठ वर्षांपूर्वी मी फाटलो. मास्तरांच्या लेकीने गठ्ठ्यातून बाहीचा बेत खेचला आणि मी मधल्या घडीवर उभा चिरलो. गाव एका हातात, दीपगृह दुसऱ्या. लेक रडवेली झाली. मास्तर मात्र खूश झाले, कारण फाटलेलं काही समोर आलं की त्यांना चेव चढतो. त्यांनी मला पातळ अस्तरावर चिकटवलं, दोन्ही तुकडे समोरासमोर धरले, झिजलेल्या कडा दीड-दीड सेंटिमीटर आत घेतल्या आणि मशीनवर बारीक टाक्यांची सरळ शिवण मारली. वरून इस्त्री फिरवली. कापडाला करतात तसंच सगळं, अगदी मन लावून केलं.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. ट्रायलला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे मास्तर मला पसरत. "बघा, कुठे जोडलंय ते सापडतं का?" गिऱ्हाईक मान हलवायचं. मीही फुशारलो. माझ्या पोटातलं काय नाहीसं झालंय, हे मला स्वतःला कळलं नाही. नकाशाला आपलं आपण वाचता येत नाही.

या वर्षी डॉक्टरांनी काकूंचे दोन्ही गुडघे तपासले. थंडीत शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, पुढे रस्त्यावर चालाल, जिने चढाल, पण मऊ वाळूतलं लांब चालणं विसरा. घरी येऊन काकूंनी चहा टाकला, मास्तरांपुढे कप ठेवला आणि मला त्याच्या शेजारी ठेवलं.

"त्याच्या आधी जाऊन यायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या पायांनी."

"अगं, पण आत्ता..."

"आत्ताच. गणवेश गेले, कोट अजून आले नाहीत. शरदातले हे दोन-तीन आठवडेच तुमचे हात रिकामे असतात. मला माहीत नाही का?"

मास्तरांनी लॉजला फोन लावला. हंगाम अजून सुरू झाला नव्हता, दीपगृहाला जाणारी होडी बंदच होती, निम्म्या खोल्यांना कुलपं होती. पण गर्दी नाही, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली मिळेल, हवाही छान आहे, असं मालकीणबाई म्हणाल्या. चार दिवस ठरले. होडी नाही म्हटल्यावर चालतच जायचं, हेही ठरलं. मास्तरांनी मला कापायच्या टेबलावर पसरलं आणि गळ्यातला टेप या काठापासून त्या काठापर्यंत लावला. नऊ सेंटिमीटर. माझा एक सेंटिमीटर म्हणजे वाळूतले दोनशे मीटर.

"अठराशे मीटर," मास्तर म्हणाले. "जमेल?"

"जमवीन."

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दीडशे मीटर, जाऊन-येऊन तीनशे. म्हणजे सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला लेक बशीत एक बटण टाकायची. पहिल्या दिवशी दोन बटणं पडली. चौथ्या दिवशी तीन, आणि काकू पायरीवर बसून गुडघे चोळत राहिल्या. बाराव्या दिवशी बशीत सहा बटणं होती. लेकीने टाळ्या वाजवल्या. काकूंचा चेहरा घामाने भिजला होता. "याच्यावर एक पाऊलही मला जमायचं नाही," त्या म्हणाल्या, "पण एवढं जमतं."

ते बारा दिवस मी टेबलावर उघडा होतो. सगळं माझ्या भरवशावर चाललं होतं.

लॉजवर पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि मला बघून हरखल्या. "हा आमचाच नकाशा! आता एकही उरला नाही." मास्तरांनी सवयीने विचारलं, "कुठे जोडलंय ते सापडतं का?" त्या माझ्यावर वाकल्या. बोट फिरवत फिरवत मधे आल्या आणि थांबल्या.

"यातली धार कुठे गेली?"

"कसली धार?"

"अहो, वाळूच्या मधोमध पाण्याची धार आहे ना. ओहोटीतही घोट्याएवढं पाणी असतं. भरती लागली की आधी ती भरते, मग बाकीची वाळू. माणूस अडकतो तो तिथेच. नकाशात ठळक निळी रेघ होती तिची."

काकूंनी पिशवीतून ब्लेड काढलं. शिंप्याची बायको, तिच्या पिशवीत ब्लेड असतंच. एकेक टाका उसवत त्या वरून खाली गेल्या. मास्तरांनी अडवलं नाही. कडा मोकळ्या झाल्या, काकूंनी त्या अंगठ्याने उलगडल्या, आणि आठ वर्षं आत दबलेली पट्टी बाहेर आली. रंग अगदी ताजा होता. मधून निळी रेघ जात होती.

मास्तरांनी टेप लावला. बारा सेंटिमीटर.

"चोवीसशे," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "कापड समजून शिवलं मी. कडा आत घ्यायच्या, एवढंच डोक्यात. आणि वर जगाला दाखवत फिरलो." ते काकूंकडे वळले. "मी तुला पाण्यात नेणार होतो."

काकूंनी मनात बटणं मोजली असावीत. सहाच्या जागी आठ. मालकीणबाईंनी विचारून घेतलं, किती वेळात किती चालता ते. आणि मान हलवली. उद्याची ओहोटी तोकडी आहे, म्हणाल्या. या चालीने धारेपाशी पोहोचेपर्यंत पाणी फिरलेलं असेल. पाच दिवसांनी अमावास्या, त्या दिवशी पाणी खूप आत जातं आणि तासभर जास्त वेळ मिळतो. परतीचं बघायला नको. त्यांचा दीर जाळी टाकायला पलीकडे जातो, तो होडीतून आणेल.

"पण आम्ही रविवारी निघणार," काकूच म्हणाल्या. "सोमवारी बँडवाल्यांचे चौदा कोट कापायला घ्यायचेत." मग मास्तरांकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "राहू दे. दोन दिवस इथेच बसू खिडकीत. इथूनही दिसतो की समुद्र."

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. स्पष्टच सांगतो.

मास्तर उठले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "बँडवाल्यांचं कापड आलं की टेबलावर घे. तूच काप."

पलीकडून आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. "मी? बाबा, तुमच्या कात्रीने?"

"मग काय दातांनी कापणार आहेस? मापं वहीत आहेत."

"चौदाच्या चौदा?"

"चौदाच्या चौदा. आणि अडलं तर मला फोन करू नकोस. मी नाहीये."

त्या कात्रीला तीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. फोन ठेवल्यावर मास्तरांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, काहीतरी हातातून गेल्यासारखे. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कापेल ती. तुमच्यापेक्षा सरळ कापते."

मधले दिवस सावकाश गेले. काकू रोज थोडं वाळूत चालायच्या, थोडं बसायच्या. अमावास्येच्या सकाळी मालकीणबाईंनी त्यांना खिडकीतून काठ्यांची रांग दाखवली. गावकरी वाळूत रोवून ठेवतात ती. "तिचाच माग धरा. नकाशाची गरज नाही." मास्तरांनी लॉजमधलं एक लाकडी स्टूल काखेत घेतलं, बसत बसत जायला. मला खोलीतल्या टेबलावर ठेवून दोघं गेली.

मित्रांनो, खरं सांगायचं तर जो प्रवास मी जन्मभर पोटात वागवला, तो झाला तेव्हा मी तिथे नव्हतो. मी टेबलावर उसवलेला पडून होतो. खिडकी उघडी होती आणि माझा एक कोपरा वाऱ्याने हलत होता. दहा वाजले, अकरा वाजले. बाराच्या सुमारास पाणी परतू लागल्याचा आवाज आला. नकाशाला काळजी वाटू नये. त्याचं काम दाखवायचं. पण मला वाटली.

दीड वाजता धक्क्यावर होडीचं इंजिन वाजलं आणि थांबलं. जिन्यावर पावलं आली, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. काकू आत येऊन पलंगावर बसल्या. पाय घोट्यापर्यंत वाळूने माखलेले, गुडघे टम्म सुजलेले. मास्तरांच्या एका हातात काकूंच्या चपला होत्या, दुसऱ्यात स्टूल.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय की." त्या हसल्या. "धारेत पाय सुन्न झाले होते, तेव्हा बरं वाटत होतं."

"पाऊण तास लागला त्या मधल्या तुकड्याला. चार वेळा बसलीस."

"पाचदा. एकदा तुमचं लक्ष नव्हतं."

मास्तर खाली बसले आणि टॉवेलने काकूंचे पाय पुसू लागले. पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी इथे त्यात काही भर घालत नाही.

आता थंडी आहे. काकूंचे गुडघे नवे झालेत. टाकीपर्यंत काठी न घेता जातात. चौदा कोट वेळेवर गेले. त्यातला एक मागे तंग झाला म्हणून परत आला, तो मास्तरांनी एक शब्द न बोलता उसवून दिला. माझीही दुरुस्ती झाली. या वेळी मास्तरांनी माझ्या कडा एकमेकींना नुसत्या टेकवल्या आणि पाठीमागून पट्टी लावली. जोड लांबूनही दिसतो. गिऱ्हाइकांना ते मला दाखवत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातले जुने नकाशे टाकू नका; पण पाण्यात पाय घालण्याआधी तिथे राहणाऱ्या माणसाला विचारा. आणि आमच्यापैकी कुणी फाटलं तर ठिगळ पाठीला लावा, कुरूप दिसलं तरी चालेल. सुबक दिसावं म्हणून पोटातलं काही आत ढकलू नका. माझ्या त्या तीन सेंटिमीटरांत एक बाई पाऊण तास चालली आहे.