तिसाचं ॲव्हरेज

"थांब, आत्ता बोलू नकोस माझ्याशी," शंतनू म्हणाला आणि टाकीच्या तोंडाशी डोळा लावून उभा राहिला.

पेट्रोल काठाशी आलं तसा तो नळीचा खटका थेंबाथेंबाने दाबायला लागला. मागे उभ्या असलेल्या पिकअपवाल्याने वैतागून हॉर्न वाजवला. शंतनूला त्याचं काय! टाकी दर वेळी एकाच रेघेपर्यंत भरली नाही तर हिशोबाला अर्थच नाही, हे त्याने उत्तराला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं. उत्तरा पंपाच्या कडेला, सिमेंटच्या कठड्यावर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. बाइकवरून उतरली की ती हल्ली लगेच बसायला जागा शोधायची.

"तीस!" शंतनू ओरडला. "उत्तरा, लिटरला तीस दिलं गाडीने!"

"अरे वा! सांगत होते ना मी, देईल म्हणून?"

"मैलात सांगू? पर गॅलन..."

"नको बाबा. मला आपलं तीसच कळतं."

अमेरिकेत येऊन अठरा वर्षं झाली, तरी गॅलन आणि मैल या माणसाच्या गळी उतरले नव्हते. ॲव्हरेज म्हणजे लिटरला किलोमीटर. पुण्यातल्या गाडीचं ॲव्हरेज असं मोजलं होतं, तर इथल्या गाडीने काय घोडं मारलंय? एखादा माणूस जपमाळ ओढतो, हा ॲव्हरेज काढतो. ज्याची त्याची भक्ती.

डेट्रॉइटजवळ, नोव्हायमधल्या एका ब्रेकचे भाग करणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर होता. दोन हजार आठचा तो उन्हाळा साऱ्या डेट्रॉइट परिसराला वाईट गेला. पेट्रोल चार डॉलरवर चढलं, मोठ्या गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या आणि त्यांचे सुटे भाग करणाऱ्यांच्या नोकऱ्या धडाधड जायला लागल्या. शंतनूच्या शेजारची तीन टेबलं रिकामी झाली होती. चौथं आपलं, असं धरूनच तो रोज ऑफिसला जायचा. रात्री छताकडे बघत पडायचा. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याचं गप्प बसणं थेट उत्तराच्याच अंगावर यायचं.

त्यात एप्रिलमध्ये त्याने ही जुनी अडीचशे सीसीची बाइक घेतली आणि माणूस जरा माणसात आला. शनिवार उजाडला की चेनला तेल, चाकांत हवा, एअर फिल्टर साफ. मग उत्तराला मागे बसवून शहराबाहेरच्या रस्त्यांवर चक्कर. पण एवढं करूनही ॲव्हरेज तेविसाच्या पुढे सरकेना, कारण शंतनूचा हात मुळात सैल. मोकळा रस्ता दिसला की मनगट फिरलंच.

मेच्या अखेरीला एका शनिवारी उत्तराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा हळू घे ना रे."

त्याने हळू घेतली आणि त्या टाकीला ॲव्हरेज वाढलं. मग काय, स्वारीने संध्याकाळी चहाच्या टेबलावर वर्गच घेतला. वेग दुप्पट झाला की वारा कसा चौपट अडवतो, गाडी मग पेट्रोल जाळते ते पुढे जायला नाही तर वाऱ्याशी कुस्ती खेळायला, वगैरे. वीस वर्षांत असल्या गोष्टी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणारी बायको चक्क लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे हायवेने गेलोच नाही तर?" तिने विचारलं.

"तर आणखी वाढेल!"

"आणि सिग्नलला शेवटपर्यंत जाऊन कचकन ब्रेक मारायच्याऐवजी आधीच ॲक्सिलरेटर सोडून दिला तर?"

शंतनू तिच्याकडे बघतच राहिला. बायकोच्या तोंडून असा प्रश्न ऐकायचं भाग्य किती नवऱ्यांना लाभतं?

तिथून पुढे ती मागे बसून गाडी चालवायची म्हटलं तरी चालेल. "पुढे खड्डा आहे. हळू." "पिकअप नको घेऊ एकदम." "आता सोड, आता सोड." आणि शंतनू सोडायचा. मिशिगनचे रस्ते म्हणजे बर्फाने पोखरलेले, पण तिच्या नजरेतून एक खड्डा सुटायचा नाही. पंचवीस झालं, सत्तावीस झालं, आणि ऑगस्टमध्ये तीस. पंपावरून घरी येताना तो हेल्मेटमध्ये चक्क गात होता. बेसूर, पण कित्येक महिन्यांनी गात होता.

गणपतीत प्रसन्नच्या घरी सगळे जमले. प्रसन्न म्हणजे शंतनूचा कॉलेजपासूनचा मित्र, जिभेला हाड नसलेला. शंतनूने मोदकाच्या ताटावरच तिसाची कथा लावली.

"त्यात तुझं कर्तृत्व काय, यार?" प्रसन्न म्हणाला. "वहिनी बघ किती बारीक झाल्यात. मागचं लोड कमी झालं, म्हणून ॲव्हरेज वाढलं!"

हशा पिकला. उत्तराही हसली. शंतनूला मात्र चुकीची माहिती सहन होईना. एकसारख्या स्पीडला वजनाने फारसा फरक पडत नाही, खरा फरक चालवण्याचा, असं त्याने ताट खाली ठेवून सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. वहिनी बारीक झाल्यात, हे वाक्य मात्र तसंच त्याच्या कानावरून गेलं. उत्तराच्या पानातला मोदक तसाच होता, तेही त्याला दिसलं नाही.

सप्टेंबर संपता संपता तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलत होत्या. पाठीत दुखायला कधी सुरुवात झाली, असं त्यांनी विचारलं.

उत्तराने नवऱ्याकडे न बघता उत्तर दिलं. मेपासून. बाइकवर मागे बसलं की कळ यायची. धक्का बसला, की ब्रेक लागला, की जास्त.

शंतनूच्या डोक्यात एकेक टाकी मागे जायला लागली. पंचवीस, सत्तावीस, तीस. प्रत्येक टाकीला ती किती दुखणं सोसत होती, त्याचाच तो आकडा होता. आणि त्याने तो लोकांना पेढे वाटल्यासारखा सांगितला होता.

पार्किंगमध्ये त्याच्याने कारचं दार उघडवेना. "का नाही बोललीस? मला एकदा तरी म्हणायचंस, दुखतंय म्हणून. मी बाइक विकून टाकली असती गं. आपण तेव्हाच आलो असतो इथे."

"मला वाटलं, पाठच आहे. वयाचं असेल. जाईल." तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. "आणि तू किती खूश व्हायचास, शंतनू. सबंध उन्हाळ्यात तुला हसवणारी तेवढी एकच गोष्ट होती. ती मी कशी काढून घेऊ?"

तो तिथेच, दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून रडला. लहान मुलासारखा, आवाज करून. तिने त्याची पाठ थोपटली.

उपचारांनी काही साधलं नाही. नोव्हेंबरमध्ये डॉक्टर म्हणाल्या, आता घरी न्या. तिला त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. दुपारी तिला कारच्या पुढच्या सीटवर बसवून तो निघाला. अंगावर दोन ब्लँकेटं होती आणि त्यांच्यात उत्तरा शोधावी लागत होती. रस्त्यालगतच्या पंपावर पेट्रोल दोन डॉलरच्या आसपास आलेलं दिसत होतं. शंतनू उजवीकडची लेन धरून इतका हळू चालवत होता, की शाळेची बसही त्याला मागे टाकून गेली.

"चालव की जोरात," ती म्हणाली. औषधाने तिची जीभ जड झाली होती. "आता काही दुखत नाही."

त्याने मान हलवली, पण त्याचा पाय दाबला जाईना. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले. कित्येक आठवड्यांत तिला अशी झोप लागली नव्हती. कपाळावरची आठी गेली होती, तोंड किंचित उघडं होतं, श्वास एकसारखा चालला होता.

घर आलं. ड्राइव्हवेवर त्याने कार उभी केली. बाहेर बारीक बर्फ पडायला लागलं होतं. तिला उचलून आत न्यायचं, तर ती जागी होणार. इंजिन बंद करायचं, तर आतली ऊब जाणार. शंतनूने पट्टा सोडला आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

संध्याकाळ झाली. समोरच्या घरातला दिवा लागला. जागेवर उभी असलेली गाडी पेट्रोल जाळत होती, टाकीचा काटा उतरत चालला होता. शंतनूने हात पुढे केला आणि हीटर आणखी थोडा वाढवला.