आईची दुसरी गोधडी

माझ्या सख्ख्या बहिणीने, ऑर्पाने, भर चर्चमध्ये सांगितलं की लुएलाच्या खाटांत ढेकूण आहेत. लुएला म्हणजे मी. मासे धरायला येणाऱ्यांना मी दोन खोल्या भाड्याने देते, त्यावर माझं घर चालतं. गेल्या जुलैत ऑर्पा एक रात्र राहिली आणि सकाळी अंगभर खाजवत उठली. आदल्या दिवशी ब्लॅकबेरीच्या जाळीत बसून दोन बादल्या भरल्या होत्या, ते बाईसाहेबांना आठवलं नाही. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मी गाद्या जाळल्या, आणि त्यांच्यासोबत आईने शिवलेली माझी गोधडीही. तरी हंगाम संपेपर्यंत एक माणूस फिरकला नाही.

सगळं जळाल्यावर मला अक्कल आली. ढेकूण उघड्या अंगाला चावतो. ऑर्पाचे फोड होते मोज्यांच्या काठाशी आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली. हे गवतातल्या चिगरचं काम. टाचणीच्या टोकाहून बारीक, तांबडा किडा. चावतो तेव्हा कळत नाही, खाज सुटते काही तासांनी, अंथरुणात. म्हणून आळही अंथरुणावर.

यंदा मे महिन्यात सगळं गाव दफनभूमीत जमलं, थडगी साफ करायला आणि तिथेच गवतावर जेवायला. मी सगळ्यांच्या आधी गेले. ग्रामोफोनची एक जुनी काळी तबकडी गवतात ठिकठिकाणी उभी करून पाहिली. आईच्या थडग्यामागे पाच मिनिटांत तबकडीच्या काठावर चिगरचे तांबडे ठिपके चढले. तिथेच मी ऑर्पासाठी सतरंजी अंथरली. चिगर अंगावर चढू नयेत म्हणून मोज्यात गंधक भरून तो पायांवर थोपटायची आमच्याकडे रीत आहे. मी स्वतःच्या पायांवर भरपूर थोपटला, तिला विचारलंही नाही.

"आज फारच माया आली गं तुला," ती बसता बसता म्हणाली. जास्त वेळ बसावी म्हणून मी तिला ॲपल-पायचा आणखी एक तुकडा वाढला.

तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, हॉयटचा, फोन आला. खाज थांबावी म्हणून फोडांना नखपॉलिश लावून लावून ऑर्पा थकली, घरात ढेकूण झालेत म्हणते, अंथरूण पेटवतेय. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी गाडी काढली.

अंगणात गादी धडधडत होती. ऑर्पा रडत उभी होती.

"हस, हस. आज तुझा दिवस आहे," ती म्हणाली.

"कंबर बघ तुझी," मी म्हटलं. "इलॅस्टिकखाली ढेकूण कशाला शिरेल? चिगर आहेत ते, आईच्या थडग्यामागचे. मीच बसवलं तुला तिथे. आणि गेल्या वर्षी चावले ते जाळीतले."

हे मी वर्षभर घोकून ठेवलं होतं. ऑर्पा भांडली नाही. आगीकडे बघत हळूच म्हणाली, "मग फोनवर का नाही सांगितलंस? आईची गोधडी आहे गं त्यात."

आईने दोनच शिवल्या होत्या.

मी दाताळं घेऊन आगीत घुसवलं. निळ्या ठिगळाचा तळहाताएवढा तुकडा हाती लागला. ऑर्पाने हात पुढे केला.

मी तो दिला नाही.