खाटेची जागा

स्पीकरच्या दुकानातून आलेल्या मुस्तफाने हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून एक जोराची टाळी वाजवली, मान तिरकी करून ऐकलं आणि दोन पावलं सरकून पुन्हा वाजवली. तिसरी टाळी त्याने खिडकीच्या मोठ्या काचेसमोर वाजवली.

मागच्या भिंतीलगत खाटेवर बसलेले किशनराव त्याच्याकडे बघत होते. खाटेखाली त्यांची पिशवी भरून तयार होती.

"काच और टाइल्स. आवाज फिरता इधर," मुस्तफा म्हणाला. "गालिचा डालो, सुधर जाता."

"गालिचा नक्को," रोशनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "शिंकून शिंकून जीव जातो माझा. आणि भिंतीवर ते फोमचे तुकडे पण नक्को. घर आहे, टॉकीज नाही."

"अजून ऐकलं पण नाही, तर दोन नक्को झाले," धम्मानंद हसला.

चार महिने वाचून, विचारून त्याने ही जोडी निवडली होती. कमरेइतके उंच, शिसवी रंगाचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही अंगांना उभे होते. दुकानाची रीत अशी, की आधी माणूस घरी येऊन लावून दाखवी. खोलीला बसले तर ठेवायचे, नाहीतर त्याने परत न्यायचे. जागेची अडचण एकच होती. ऐकणाऱ्याने लांब बसायला हवं, म्हणजे सोफा मागच्या भिंतीला न्यायला हवा, आणि त्या भिंतीला बाबांची खाट होती. खाट दुसऱ्या खोलीत न्यावी तर तिथे धम्मानंदचं ऑफिस.

"खाटेची जागा लागली, तर तुम्ही काही महिने सखूआत्याकडे राहा," असं तो गेल्या रविवारी म्हणाला होता. किशनराव इथे आल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी किशनरावांनी मुदखेडला बहिणीकडे जायचा विषय काढला की तो म्हणायचा, "बापाला घराबाहेर काढलं म्हणतील लोक." तारनाक्याच्या या तिसऱ्या मजल्यावर त्यांना कुणी वाईट वागवत नव्हतं. फक्त दाराचं कुलूप बोटाचा ठसा मागायचं, आणि रेल्वेत चौतीस वर्षं हातोडा धरलेल्या त्यांच्या बोटांवर ठसा उरलाच नव्हता. आकडे दाबूनही दार उघडायचं. एकदा त्यांनी ते तीनदा चुकीचे दाबले, तर भोंगा वाजून सगळी बिल्डिंग गोळा झाली. तेव्हापासून ते एकटे खाली उतरत नव्हते.

मुस्तफाने गाणं लावलं. बाईचा एकटा आवाज, मागे फक्त तंबोरा. किशनराव खाटेवर होते, धम्मानंद पुढे सोफ्यावर. बाईने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला.

"आता खाट काढून बघू," धम्मानंद म्हणाला.

किशनराव लगबगीने उठले. गादी त्यांनी स्वतः गुंडाळली. खाट आडवी करून बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवली, सोफा भिंतीला लावला आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

किशनराव दाराशी उभे राहिले. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज हातोड्याने ठोकत जाणं हे त्यांचं काम होतं. घट्ट चावी खणखणते, ढिली भदभदते. वाकून बघावं लागत नाही. ढिली ऐकूनही न ठोकता पुढे गेलेला एकच चावीवाला त्यांनी पाहिला होता. तो पुन्हा कामावर दिसला नाही.

बाईच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर भिंतीवर आपटून परत येत होतं आणि पुढच्या अक्षरात मिसळत होतं. तंबोरा घुमत होता, रिकाम्या टाकीत घुमावा तसा.

"मला फरक कळेना," धम्मानंद म्हणाला. "थोडा जास्त भरल्यासारखा वाटतो. मुस्तफाभाई?"

"मै बोलूं तो दुकानवाला बेचने को बोल्या बोलते. चाचा को पूछो. उनके कान लोहे पे पके सो हैं."

"बाबा, सांगा. तुम्ही म्हणाल ते."

किशनरावांनी पिशवीकडे पाहिलं. खाट गेल्यावर ती सोफ्याशेजारी भिंतीशी एकटीच उघडी पडली होती.

"असंच बरं आहे," ते म्हणाले.

मुस्तफाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि वायर गुंडाळायला घेतली.

"मग ठरलं." धम्मानंद खूश झाला. "रविवारी काचीगुडा स्टेशनला सोडतो तुम्हाला, गाडीत बसवून देतो. आत्याला फोन करा."

"मामा, गोळ्या महिन्याच्या बांधून देते," रोशनी म्हणाली. सासऱ्याला ती मामाच म्हणायची. "आत्याबाईंना सांगा, तिखट कमी घाला म्हणून. त्या ऐकणार नाहीत, पण सांगा."

किशनरावांनी फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. गाणं चालूच होतं. बाईने वरचा सूर धरला, आणि तो काचेवरून फाटून परत आला. धम्मानंद डोळे मिटून मान डोलवत होता.

"बंद कर ते," किशनराव म्हणाले.

"काय झालं?"

"ढिला आहे आवाज. मघाशी बरा होता. खाट होती तेव्हा."

"हौ चाचा," मुस्तफा हळूच म्हणाला. "कापूस की गादी है ना. आवाज को पी जाती."

धम्मानंदने खाली बघितलं. "मग मघाशी तसं का म्हणालात?"

किशनरावांनी गुंडाळलेल्या गादीकडे बोट केलं. "खाट-गादी राहू दे इथं. मी जातो."

"नक्को, मामा." रोशनी पुढे आली. "ह्यांच्या आई गेल्यावर, तुम्ही येईपर्यंत, महिनाभर रिकामी बघितलीय ती खाट. परत नाही बघवणार."

"आणि लोक येतील ते विचारतील ना, खाट आहे तर माणूस कुठंय," धम्मानंद म्हणाला. तो कठोरपणे बोलला नाही. उठून त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "चार महिने डोकं फोडलं मी. तुम्ही दोन मिनिटांत ओळखलंत."

किशनराव पॅसेजमध्ये गेले. खाटेचं एक टोक त्यांनी उचललं.

"धर," ते म्हणाले.

खाट भिंतीशी आली, सोफा तिच्यापुढे. मुस्तफाने किशनरावांना बसायला लावलं. माणूस बसला की आवाज आणखी सुधारतो, म्हणाला. तीनदा खाट बोटभर इकडेतिकडे केली, आणि मनासारखं झाल्यावर गुडघ्यांवर बसून तिच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढरी टेप लावली.

"अब यहां से हिलाना नक्को," तो रोशनीला म्हणाला. "झाडू लगाए तो भी."

गाणं पहिल्यापासून लागलं. बाईने श्वास घेतला. पुढे सोफ्यावर धम्मानंदची मान दिसत होती, केस मागून विरळ झालेले.

"बाबा," तो मागे न बघता म्हणाला, "जरा मागे सरका."

किशनराव भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकले.